चौदा वर्षांची लेक आणि कोलकाता : दोघींनीच जायचं आहे, मदत करा

गावरान_अंबाडी | १० ऑगस्ट, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. सहा वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला घेऊन कोलकात्याला जायचं ठरतंय. दोघीच. ह्यांना बँकेतून सुट्टी नाही. सासूबाईंना विचारायला भीत होते, तर त्याच म्हणाल्या, "जाय वं. पोरगी अजून दोन वर्षांनी तुह्यासंगं येनार नाही." लेक नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे सगळंच बंद.

कोलकाताच का, तर माझ्या आईच्या कपाटात बंगाली कादंबऱ्यांची मराठी भाषांतरं होती, ती वाचत मी मोठी झाले. पंचवीस वर्षांपासून मनात आहे. अकोल्याहून गीतांजली एक्सप्रेस थेट हावड्याला जाते, बावीस-तेवीस तास. पाडव्यानंतर निघायचं, तिथे पूर्ण पाच दिवस. रेल्वे सोडून तीस हजारांत बसवायचंय.

माझी यादी अशी : व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम, बिर्ला तारांगण, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट, जोडासांको (रवींद्रनाथांचं घर), कॉलेज स्ट्रीट (पुस्तकांची दुकानं), सायन्स सिटी, हावडा ब्रिज, बोटॅनिकल गार्डनमधला वड, न्यू मार्केट, पार्क स्ट्रीट, नेताजी भवन. जमेल ना पाच दिवसांत?

लेकीला विचारलं तर म्हणते "काहीही चालेल". "काहीही चालेल" म्हणजे काहीच चालणार नाही, हे या वयाच्या मुलींच्या आयांना सांगायला नको.

टोकदार | १० ऑगस्ट, रात्री ११.०५

चौदा वर्षांच्या मुलीला कोलकाता? तिने काय गुन्हा केला? त्यापेक्षा बंगळूरला न्या, मॉल तरी आहेत. (हलकेच घ्या.)

सांजवात | ११ ऑगस्ट, सकाळी ७.२०

ताई, यादी वाचूनच पाय दुखायला लागले. चौदा ठिकाणं, पाच दिवस. ही सहल आहे की जनगणना?

गेल्या मे महिन्यात मी माझ्या पंधरा वर्षांच्या कन्येला असंच दिल्लीला नेलं होतं. तिसऱ्या दिवशी हुमायूनच्या कबरीसमोर ती बाकावर बसली आणि म्हणाली, "तू जा बघून ये. मी इथे बसते. मला आता एकही घुमट नकोय." मी चिडले, ती रडली. रात्री हॉटेलात दोघी एकमेकींकडे पाठ करून झोपलो. घरी आल्यावर कळलं की तिची तारीख तेव्हाच आली होती आणि ती बोलली नव्हती. त्यामुळे पहिला सल्ला हा : निघायच्या आधी कॅलेंडर बघा, आणि पॅड्स तुमच्या बॅगेत नको, तिच्या सॅकमध्ये द्या. मागायची वेळ येऊ देऊ नका.

दुसरा : दुपारी १ ते ४ काहीही ठेवू नका. या वयाच्या मुलींना झोप लागते हो. आळस नसतो तो.

हुगळीकाठ | ११ ऑगस्ट, सकाळी ९.४८

नोकरीनिमित्त नऊ वर्षं कोलकात्यात काढली, भवानीपूरला. आता पुण्यात. त्यामुळे जरा लांबण लावतो.

सगळ्यात आधी तारीख बदला. पाडव्यानंतर निघालात तर मांडव उतरवायला पोचाल. आपल्या लक्ष्मीपूजनाची अमावास्या ती तिथली कालीपूजा. दुर्गापूजेइतका गर्दीचा कहर नसतो, पण गल्लोगल्ली मूर्ती, रोषणाई, रात्रभर जाग. त्याच्या आदल्या संध्याकाळी भूतचतुर्दशी असते, त्या दिवशी चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात आणि घरात चौदा दिवे लावतात. चौदा वर्षांच्या मुलीला याहून चांगलं काय दाखवणार? अमावास्येच्या दोन दिवस आधी पोचा आणि भाऊबीजेला निघा. तिकिटं आता साठ दिवस आधी सुटतात, म्हणजे तुमची खिडकी पुढच्या आठवड्यात उघडेल. सकाळी आठला हातात मोबाइल घेऊन बसा, दिवाळीत गीतांजली मिनिटांत भरते. परतीचंही त्याच वेळी लक्षात ठेवा. लोक जायचं काढतात आणि परतीला रडतात.

दुसरं, यादीतलं एकेक ठिकाण सुटं बघू नका, मेट्रोच्या खांबावर टांगा. जुनी मेट्रो (१९८४ची, देशातली पहिली) उत्तर-दक्षिण जाते. दक्षिणेश्वर, मग शोभाबाजार म्हणजे कुमारटुली (मूर्तिकारांची वस्ती), गिरीश पार्क म्हणजे जोडासांको, महात्मा गांधी रोड म्हणजे कॉलेज स्ट्रीट, पार्क स्ट्रीट म्हणजे म्युझियम, मग कालीघाट. सगळं एका दोरीत ओवल्यासारखं आहे. हावड्याहून एस्प्लनेडला येणारी नवी लाइन मार्च २०२४ पासून सुरू आहे, ती हुगळीच्या पोटातून जाते. नदीखालचा बोगदा ५२० मीटरच्या आसपास, पंचेचाळीस सेकंदांत पार होतो. तेवढ्या भागात भिंतीवर निळे दिवे आहेत. स्टेशनवर उतरल्या उतरल्या टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात शिरण्यापेक्षा ही मेट्रो धरा.

सोमवारी म्युझियम आणि व्हिक्टोरियाची दालनं बंद. रविवारी कॉलेज स्ट्रीटची बहुतेक दुकानं बंद. दक्षिणेश्वर आणि बेलूर दोन्ही दुपारी बंद असतात, म्हणून सकाळी लवकर दक्षिणेश्वर करून तिथल्याच घाटावरून बोटीने बेलूरला जा. बोटॅनिकल गार्डन काढून टाका, अर्धा दिवस खातं. तारांगण, सायन्स सिटी तिला विचारा.

यादीत कुमारटुली नाही, याचं मात्र आश्चर्य वाटलं. ते सगळ्यात वर लिहा.

अर्धीभाकर | ११ ऑगस्ट, दुपारी १.३०

काकू, मी एकोणीस वर्षांची आहे, म्हणजे तुमच्या लेकीच्या बाजूने बोलायचा हक्क आहे. :)

"काहीही चालेल"चा अर्थ असा असतो की यादी आधीच झालीय, मला फक्त सही करायला बोलावलंय. मी बाबांबरोबर चेन्नईला गेले होते तेव्हा मीही तेच म्हटलं होतं. तिला यादी दाखवू नका. नकाशा द्या, एक दिवस पूर्ण तिचा ठेवा आणि त्या दिवसाचे पैसे तिच्या हातात द्या. ती तुम्हाला दिवसभर कुठल्या तरी कॅफेत बसवेल. बसा.

आणि दोन तास तिला एकटं सोडा. माहितीये, आत्ता सगळे माझ्यावर धावून येणार.

टोकदार | ११ ऑगस्ट, दुपारी १.४४

धावून येतोय. परक्या शहरात चौदा वर्षांची मुलगी एकटी? भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत. बातम्या वाचता की नाही?

अर्धीभाकर | ११ ऑगस्ट, दुपारी १.५२

वाचते. आणि पुण्यात रोज पीएमपीच्या बसने फिरते. बातम्या इथल्याही असतात.

सांजवात | ११ ऑगस्ट, दुपारी २.१५

मुद्दा दोघांचाही बरोबर, जागा नीट निवडली पाहिजे. कुंपण असलेली, दिवसाउजेडी, एकच मोठं दार असलेली. असं काही आहे का हो हुगळीकाठ?

हुगळीकाठ | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६.३०

आहे की. ढाकुरियाला दक्षिणापण. वेगवेगळ्या राज्यांची सरकारी हातमाग-हस्तकलेची दुकानं एकाच आवारात, मधे उघडं अंगण. आत चहाचं जुनं प्रसिद्ध दुकान आहे, आईने तिथे ठाण मांडावं. कन्येने फिरावं. फोन चार्ज केलेला, भेटायची जागा आणि वेळ ठरलेली, आणि तुमचा नंबर कागदावर लिहून तिच्या खिशात. फोनची बॅटरी संपली की या मुलांना आईचा नंबरसुद्धा आठवत नाही.

पोटोबा | ११ ऑगस्ट, रात्री ९.१०

खाण्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून यावं लागलं.

फुचका म्हणजे पाणीपुरी नव्हे, त्यांच्यासमोर तसं म्हणू नका. आत उकडलेला बटाटा मसाला घालून हाताने कालवलेला, पाणी चिंचेचं, गोड चटणी नाही. शेवटी एक कोरडा फुकट मिळतो, त्याला फाउ म्हणतात. तो मागून घ्यायचा, लाजायचं नाही. सकाळी कचुरी आणि आलूर दोम. लुची आणि छोलार दाल, डाळीत खोबऱ्याचे तुकडे असतात. बिर्याणीत बटाटा असतो. अवधचे नवाब वाजिद अली शाह १८५६ साली राज्य गमावून कोलकात्याच्या मटियाबुर्जला आले, त्यांच्या खानसाम्यांबरोबर ती आली, असं सांगतात. पार्क स्ट्रीटला १९२७ सालचं फ्लुरीज आहे, तिथे पेस्ट्री खा, मुलीला फोटो काढायला आवडेल. रोल खा. मोमो तर नाक्यानाक्यावर.

शाकाहारी असाल तर "निरामिष" हा शब्द पाठ करा. नुसतं व्हेज म्हटलं की मासा वगळून आणतील याची खात्री नाही.

आणि कुणी नोलेन गुडाचा संदेश खा म्हणून सांगितलं तर ऐकू नका. तो खजुराचा गूळ थंडीतला. दिवाळीत मिळाला तर तो ताजा नव्हे.

निळीशाई | १२ ऑगस्ट, सकाळी ८.०५

जोडासांकोला जाणार असाल तर लेकीला आधी एक गोष्ट सांगून ठेवा. रवींद्रनाथ सतरा वर्षांचे असताना, १८७८ साली, विलायतेला जायच्या आधी मुंबईत तर्खडांकडे राहिले होते. इंग्रजी रीतभात शिकायला. शिकवणारी होती डॉ. आत्माराम पांडुरंगांची मुलगी अन्नपूर्णा. विलायतेला जाऊन आलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी मराठी मुलगी. त्यांनी तिला नलिनी हे नाव दिलं आणि ते म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत. दाढीवाल्या आजोबांच्या तसबिरीत चौदा वर्षांच्या मुलीला काडीचा रस नसतो. सतरा वर्षांच्या लाजाळू मुलात असू शकतो.

संत्रानगरीचा | १२ ऑगस्ट, सकाळी १०.२२

अकोल्याच्या आहात, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातल्या. मग तिकडे जरा जपून सांगा कुठून आलात ते! रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१पासून दहा वर्षं बंगालवर चालून जात होत्या. त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकरांना १७४४ मध्ये बंगालच्या नवाब अलिवर्दीखानाने बोलणी करायला बोलावून दग्याने मारलं. शेवटी १७५१ मध्ये ओडिशा आणि वर्षाला बारा लाख चौथाई यावर तह झाला. मराठ्यांच्या भीतीने कोलकात्याच्या लोकांनी १७४२ साली खंदक खणला होता. मराठे तिथवर आलेच नाहीत, खंदकही अर्धाच राहिला आणि १७९९ मध्ये बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात अजून मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे.

आपल्या पुस्तकात हे एका ओळीत असतं. त्यांच्या अंगाईत आहे.

गावरान_अंबाडी | १२ ऑगस्ट, रात्री ११.१५

बाई बाई, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! एकेकाला उत्तर देत नाही, रागावू नका.

कालीपूजेचं सासूबाईंना सांगितलं. लक्ष्मीपूजनाला घरची सून घरात नाही, मला वाटलं आता संपलं. तर म्हणाल्या, "लक्ष्मी का फक्त अकोल्यातच येते?" तारीख बदलली.

यादी फाडली. म्हणजे खरोखर फाडली नाही, वहीत आहे, पण तिला दाखवली नाही. नकाशा दिला. तासाभराने बाहेर आली आणि म्हणाली, "आई, नदीखालून मेट्रो जाते हे तू मला सांगितलंच नाहीस." मी कशाला सांगते, मलाच काल कळलं.

दोन तासांचं अजून पचत नाहीये. बघू.

टोकदार | १३ ऑगस्ट, सकाळी ९.००

राहणार कुठे? त्यावर सगळं अवलंबून आहे.

हुगळीकाठ | १३ ऑगस्ट, सकाळी ९.३७

भवानीपूर, कालीघाट, गरियाहाट या पट्ट्यात घरगुती सोय बघा, ज्या घरात वरच्या मजल्यावर घरमालक स्वतः राहतात तशी. मेट्रो चालत दहा मिनिटांत हवी. न्यू मार्केटच्या मागची लॉजेस स्वस्त आहेत, पण दोघी बायकांना मी नाही सुचवणार. हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, तिथेही फोन करून विचारा.

गावरान_अंबाडी | २ नोव्हेंबर, रात्री १०.०८

आलो! आठ दिवस झाले येऊन, पण फराळाचे डबे, पाहुणे आणि लेकीचं सर्दी-पडसं यात लिहायचं राहिलं. तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत तर वृत्तांत देणं भाग आहे. सगळं नाही लिहीत, जे आठवतंय ते.

गाडी दीड तास उशिरा पोचली. हावड्याला उतरलो आणि सरळ मेट्रोत. सरकते जिने खाली, आणखी खाली, संपेचनात. लेकीने फोन काढून तयार ठेवला आणि गाडी सुटल्यावर मोठ्याने आकडे मोजायला लागली. निळे दिवे आले तशी डब्यातली एक बंगाली छोटी मुलगीही तिच्याबरोबर मोजायला लागली, ती बंगालीत, ही मराठीत. पंचेचाळीस नाही, त्रेचाळीसला संपलं. व्हिडिओ बघितला तर फोन उलटा धरलेला होता, सगळा तिच्या हनुवटीचा. पण त्यात दोघींचे आकडे ऐकू येतात.

भवानीपूरला एका वयस्कर बाईंच्या घरी खोली मिळाली, दिवसाला अठराशे, सकाळचा चहा-नाश्ता धरून. त्या वर राहतात, मुलगा-सून-नातू त्यांच्याबरोबर. सगळे त्यांना दीदा म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. पोचलो त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी भूतचतुर्दशी. दीदांनी पितळी ताटात चौदा मातीच्या पणत्या मांडल्या आणि लेकीच्या हातात काडेपेटी दिली. दारात, जिन्यात, मोरीपाशी, तुळशीपाशी, पाण्याच्या टाकीवर. चौदावी कुठे ठेवायची हे कळेना, तर दीदांनी आमच्या खोलीच्या खिडकीकडे बोट दाखवलं. नंतर नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही अकोल्याहून नेलेलं उटणं लावून त्या बाथरूममध्ये बादलीने अंघोळी केल्या. कारीट नव्हतं. लेकीने चॉकलेटचा कागद टाचेखाली चिरडला आणि "गोविंदा गोविंदा" केलं. दीदा वरून विचारतायत, काय झालं, कोण पडलं?

आता कुमारटुली. हुगळीकाठ, तुमचे उपकार. कालीपूजेच्या आधीची घाई होती. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना ताडपत्रीच्या छपराखाली मूर्ती, काही नुसत्या पेंढ्याच्या, सुतळीने करकचून बांधलेल्या, डोकं अजून बसवायचं असलेल्या. काहींना काळा-निळा रंग लागलेला, जीभ बाहेर. एका कारागिराने बोटांची पेरं करायला घेतली होती. ओल्या मातीची बारीक वळी, तळहातावर दोनदा फिरवायची, चिमटीत दाबून वाकवायची, बांबूच्या कोरणीने नख काढायचं. एका बोटाला वीस सेकंद. लेक समोर उकिडवी बसली आणि पाऊण तास उठली नाही. फोटो काढला नाही. मी घड्याळ बघत होते, कारण माझ्या वहीत अकरा वाजता जोडासांको होतं. सांजवात, तुमची हुमायूनची कबर आठवली आणि घड्याळ पर्समध्ये टाकलं.

तिथेच तिने एक विचारलं. दुर्गेच्या मूर्तीत वेश्यांच्या दारची माती मिसळायची रीत आहे, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. "खरंय का? आणि मग त्या बायकांना पूजेला बोलावतात का?" मी नेहमीप्रमाणे "घरी गेल्यावर सांगते" म्हणणार होते. मग म्हटलं, घर बावीस तासांवर आहे. जे माहीत होतं ते सांगितलं. जे माहीत नव्हतं, ते नाही माहीत म्हणाले. ट्रामच्या रुळांवरून चालत आम्ही बरंच बोललो. इथे सगळं लिहीत नाही.

जोडासांकोला दुपारी पोचलो. अन्नपूर्णेची गोष्ट रस्त्यात सांगितली होती. १९४१ साली रवींद्रनाथ जिथे गेले त्या खोलीत मी हात जोडून उभी, माझे डोळे भरून आलेले. शेजारून कुजबुज, "पण मग नलिनीचं पुढे काय झालं?" मला माहीत नव्हतं. तिने तिथल्या तिथे फोनवर शोधलं. तिचं एका गोऱ्या साहेबाशी लग्न झालं आणि १८९१ मध्ये एडिंबरोला वारली. लेक म्हणाली, "म्हणजे त्यांच्या आधी पन्नास वर्षं. आणि हिची खोली कुठे नाही." बाहेर येईपर्यंत बोलली नाही.

व्हिक्टोरिया मात्र साफ पडलं. तिला कंटाळा, मला गुडघे. बागेत गेलो तर प्रत्येक झाडाखाली एकेक छत्री, ऊन नाही, पाऊस नाही. मी भोळेपणाने "एवढ्या छत्र्या कशाला?" म्हणाले आणि लेक इतकी हसली की रस्त्यावरच बसली.

संत्रानगरीचे, आता तुमचं. मी तिला मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रात्री दीदांचा नातू झोपेना, त्या जिन्यात बसून त्याला थोपटत गुणगुणत होत्या. लेकीने ऐकता ऐकता अर्थ विचारला. बाळ झोपलं, आळी निजली, देशात बोर्गी आले, बुलबुलांनी धान्य खाल्लं, आता शेतसारा कुठून भरू? "बोर्गी कोण?" दीदांनी चष्म्यावरून बघितलं आणि हसून म्हणाल्या, "तुम्ही."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. बोर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर लढणारे स्वार, हे मी सांगितलं. खोलीत आल्यावर अंधारात आवाज, "आई, आपण व्हिलन होतो?" मी म्हटलं, शेतकऱ्याचं धान्य लुटलं त्याच्यासाठी होतो. "मग पुस्तकात का नाही?" यावर मी गप्प.

तर तिचा जो स्वतःचा दिवस होता, त्यात तिने काय ठेवलं असेल? बागबाजार. कॅफे नाही, मॉल नाही. मराठा डिच लेन शोधायला गेलो. काही नाही हो तिथे. एक गल्ली, पाटी, वाळत घातलेले कपडे, रवाळ भिंतीवर मांजर. तिने पाटीखाली उभं राहून फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवला. वर लिहिलं होतं, "उशिरा पोचलो."

आणि दोन तासांचं. सोडलं. दक्षिणापणला, दुपारी तीन ते पाच. चहा घेऊन बसले. पहिला अर्धा तास बरा गेला. मग समोरून येणारी प्रत्येक पिवळी ओढणी तीच वाटायला लागली. पाच झाले, पाच दहा, पाच वीस. फोन लागतोय, उचलत नाही. उठून दाराकडे धावले तर समोरून येतेय, हातात तीन पिशव्या, ओठांना चिंच लागलेली. फुचका खायला फाटकाबाहेर गेली होती! सोळा खाल्ले म्हणे. फोन पिशवीच्या तळाशी. तोंडात आलेलं सगळं गिळलं, पण हात थरथरत होता, तो तिने बघितला. तिने काही न बोलता माझी थंड झालेली चहाची कपबशी नेऊन दिली आणि दुसरा चहा घेऊन आली. तिच्या पैशाने. बोलणं रात्री झालं, आणि गोड झालं नाही. टोकदार, तुम्हाला हे वाचून बरं वाटणार, पण तरी पुन्हा सोडीन. फाटक आधी दाखवून.

पिशव्यांत काय होतं, तर आजीला चामड्याची नक्षीदार पाकिटं दोन, ऑक्सिडाइज्ड कानातली (मोजली नाहीत), आणि एक गमछा लाल चौकड्यांचा, तो कुणासाठी हे तिलाही सांगता आलं नाही.

कॉलेज स्ट्रीटला हातरिक्षा दिसल्या. तिने बसायला ठाम नकार दिला. म्हातारा रिक्षावाला दोनदा विचारून पुढे गेला. मग रस्ताभर स्वतःशीच वाद, "बसले असते तर त्याला पैसे मिळाले असते. पण माणूस माणसाला कसा ओढणार?" मला उत्तर नव्हतं, अजून नाही.

पोटोबा, निरामिष शब्द फार कामी आला, माझ्यापुरता. लेकीने मासे, रोल, मोमो, काही सोडलं नाही.

पोटोबा | २ नोव्हेंबर, रात्री १०.३१

सोळा फुचके! पोरीला माझा नमस्कार सांगा. फाउ धरून की सोडून?

सांजवात | ३ नोव्हेंबर, सकाळी ७.०२

वाचून आमच्या मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, "बघ, ती आई घड्याळ पर्समध्ये टाकते." घ्या.

संत्रानगरीचा | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

"उशिरा पोचलो" वर फिदा. पावणेतीनशे वर्षं उशिरा.

टोकदार | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

बरं वाटलं नाही. वाचताना पाच वीसला माझेही हात थरथरले. मला दोन मुली आहेत.

हुगळीकाठ | ३ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

दीदांच्या चौदाव्या पणतीपाशी थांबलो. आमच्या घरमालकीणबाई पण अशाच होत्या. बसमध्ये बसलात की नाही? आणि परतीला जागा मिळाली का?

गावरान_अंबाडी | ३ नोव्हेंबर, रात्री ९.२५

बसमध्ये बसलो तर! कंडक्टर दाराच्या पत्र्यावर थापा मारत ओरडतो, "आस्ते, लेडीज!" म्हणजे बाई उतरतेय, गाडी हळू घे. लेकीला ते इतकं आवडलं की आता घरात मी तरातरा निघाले की मागून आरोळी येते. सासूबाईपण शिकल्यात.

परतीचं विचारू नका. तुम्ही सांगूनही परतीची तिकिटं मी दुसऱ्या दिवशी काढली. आरएसी. बाजूचा एक बर्थ, दोघींना. भाऊबीजेच्या सकाळी दीदांच्या घरी भाईफोंटा होता, बहीण डाव्या हाताच्या करंगळीने भावाला चंदनाचा टिळा लावते. दीदांच्या नातवाला बहीण नाही, त्यांनी लेकीला बसवलं. तीन वर्षांचा भाऊ, मांडीवर संदेशाची बशी, कपाळ पुसायला धडपडतोय. त्या गडबडीत निघायला उशीर, स्टेशनवर धावत.

रात्री बर्थवर ती तिकडे डोकं करून, मी इकडे. तिचे पाय माझ्या पोटात. खडगपूरच्या पुढे कधीतरी जाग आली तर ती जागीच, मोबाइल नाही, खिडकीबाहेर बघतेय. चहावाल्याकडून घेतलेलं मातीचं भांड (तिकडे कुल्हडला भांडच म्हणतात) तिने धुऊन गमछ्यात गुंडाळून उशाशी ठेवलं होतं. मी म्हटलं, फुटेल. म्हणाली, फुटू दे.

बडनेऱ्याला फुटलं. दोन तुकडे आहेत, टेबलावर ठेवलेत, मला उचलू देत नाही.

पोटोबा, फाउ सोडून.